टांग्यापुरतं सोनं

बेचाळीस साल. जपानी बॉम्बच्या बातम्यांनी लष्कर शहराच्या सराफ बाजारात गर्दी झाली होती. माझ्या शेजारी बाकावर एक पेन्शनर आजोबा आणि त्यांची बायको नंबरची वाट बघत बसले होते.

"उतरव गं पाटल्या. आता आपलीच पाळी."

"सोनं मोडायचं आणि त्या पैशांचा डाकखान्यातून कागद आणायचा! असं कुणी करतं का?"

"सर्टिफिकीट आहे ते. चोराने नेलं तरी त्याच्या काही कामाचं नाही. तुझं नाव घालणार आहे त्यावर."

"माझं कशाला?"

"उद्या शहर सोडायची वेळ आली, तर या गुडघ्यांनी मी काय पळणार? तू लेकीकडे उज्जैनला जा. कागद कमरेला खोचला की झालं."

"आणि तुम्ही?"

"मी राहीन घरी. मांजर आहेच सोबतीला."

"झालं बोलून?"

"झालं."

"मग ऐका. मी तुम्हाला टांग्यात घालून नेणार आहे. त्या दिवशी सगळं शहर टांगे शोधत धावत असेल. टांगेवाल्यापुढे तुमचा कागद नाचवला तर तो थांबेल? पाटली दाखवली तर मुकाट्याने थांबेल."

आजोबा तिच्या हातातल्या पाटल्यांकडे बघू लागले.

"लाइए माताजी, तौल दें," सराफाने हाक मारली.

"बरं, मग एकच मोडू," आजोबा हळूच म्हणाले. "दुसरी ठेव टांग्याला."

"एका पाटलीत कोण नेतोय तुम्हाला? जरा स्वतःचं वजन बघा."