आयफोनमधलं माहेर

आमच्या हिनं आयफोन कसा हाती घेतला ते ऐका. मी आणून आठ दिवस झाले तरी त्याला हात लावत नव्हती. म्हणे, "माझा जुनाच बराबर हाय. ह्याच्यातलं काहीच वळखू येत न्हाई."

शेवटी मी त्यात वरून दिसणारा नकाशा उघडला अन् बाळापूरजवळचं तिचं माहेर शोधून दिलं. दोन वर्षं झाली, जाणं झालं नव्हतं. ती बोटांनी हळूहळू मोठं करत गेली. विहीर दिसली, चिंच दिसली, मग घरावरचे पत्रे. समोरचा चहा गार झाला, तिला भान न्हाई.

मी विचारलं, "मग, ठेवायचा ना हाच?"

ती नजर न हलवता म्हणाली, "थांबा जरा. माय आत्ता अंगणात येईल."