हिराकस शिंपलेलं अंगण

विश्वजित : पिशवी राहू दे तिथंच. आधी ह्ये सांग, माझ्या अंगणाचं काय झालंय?

प्रांजल : वर्सानं सुट्टीवर आलाय. चा न्हाई, पाणी न्हाई, बायकोकडं नीट बगितलं न्हाई, आन् आधी अंगण?

विश्वजित : अगं, मागल्या सुट्टीत सोता उभा राहून कोबा करून घेतला. पांढराधोप, आरशागत. आन् आता बग. जुना पत्रा गंजावा तसा गंजलाय सगळा.

प्रांजल : गंजला न्हाई. रंगवलाय. मी रंगवलाय. गाडीची चावी हाय ना खिशात? खरवडून बगा. जोर लावा.

(विश्वजित उकिडवा बसून चावीनं कोबा खरवडतो.)

विश्वजित : निघत न्हाई खरं. पर किती दिवस? एक पाऊस पडला की जाईल वाहून.

प्रांजल : आवं, पाऊस कवाचा पडून गेला. तुमी तिकडं फौजेच्या ड्युटीवर हुता तवा हितं आख्खा पावसाळा झाला. त्याच्यावर थंडी झाली. आता पुन्हा माणदेशातलं ऊन तापाय लागलंय. समदं सोसलंय ह्या रंगानं. तुमीच न्हवता बगायला.

विश्वजित : बरं केलंस. पर आता त्याचा उपेग न्हाई. उद्या साताऱ्याहून टेम्पो येतोय. आयेसाठी टाइल्स सांगितल्यात. दुधागत पांढऱ्या, चकचकीत. सरप्राइज द्यायचं हुतं.

प्रांजल : पांढऱ्या? आधी फोन लावा आन् टेम्पो थांबवा.

विश्वजित : का म्हणून? कारण सांग.

प्रांजल : सांगते. खाली बसा, उभ्या उभ्या सांगण्यासारखं न्हाई. तुमी कोबा करून गेला आन् म्हैन्याभरात आत्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. ते तुमाला ठावंय.

विश्वजित : व्हय. डोळा चांगला झाला म्हणालीस.

प्रांजल : झालाच. लांबचा सिद्धनाथाचा कळस दिसाय लागला त्यांना. पर उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की डोळ्यावर पदर. ऊन कोब्यावर पडायचं आन् तिथनं सरळ डोळ्यात. काळा चष्मा दिला, तरी न्हाई. सारा जन्म मेंढरांमागं माळावर काढलेली तुमची आय, दिवसभर आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून बसाय लागली. जेवण तुटलं. मी विचारलं, आत्या, बाहेर का येत न्हाई? तर म्हणाल्या, थंडी वाजतीया. भर चैतात.

विश्वजित : मला कुणी बोललं न्हाई ह्ये.

प्रांजल : मग म्हसवडला जाऊन तांबडा ऑइलपेंट आणला. दोन हात मारले. दिसाय लय झाक. पर उन्हानं त्याला फोड आले, आन् एकाच वळवात पापुद्रे सुटले. वर निसरडं इतकं, की आत्या घसरल्या. मी दंडाला धरलं म्हणून वाचल्या. त्या दिवशी मी रडले बगा. तारेच्या ब्रशनं समदा रंग खरवडून काढला.

विश्वजित : आन् ह्यो मग कशाचा?

प्रांजल : हिराकस. लोखंडाचं हिरवट खत. डाळिंबाची पानं पिवळी पडली म्हणून आणलेला, खताच्या दुकानातनं. पाण्यात कालवून फवारणीच्या पंपात भरला आन् पंप दारातच गळाय लागला. सांजच्याला बगते तर वाटीएवढा तांबडा डाग. घासला, निरमा लावला, लिंबू लावलं, जाईना. मी कपाळाला हात लावून बसले हुते, तवर आत्या बाहेर आल्या. पदर न्हाई, काय न्हाई. त्या डागाकडं बगत उभ्या.

धोंडुबाई : (बाहेर येत) आता म्या सांगते. तू लय लांबड लावतीयास. आलास व्हय रं बाबा?

विश्वजित : आये, पाया पडतो. तू अशी उन्हात?

धोंडुबाई : मग? बस हितं. ही तुजी बायकू मला म्हनती, आत्या, हितं डोळा दुखतुय का? म्हनलं न्हाई बया, हितं गार वाटतंय. तशी उठली आन् नाचाय लागली, येड्यावानी.

प्रांजल : नाचले कुठं?

धोंडुबाई : नाचली. म्या बगितलंय, माजा डोळा चांगला हाय. मग मागं धुन्याच्या दगडापाशी जरा जरा लावून बगितलं तिनं, पातळ, दाट. आन् एक दिस सारं अंगन भिजवून झारीनं शिंपलं. तर काय, हिरवंगार. म्या म्हनलं, पोरीनं दारात शेवाळ आनलं.

प्रांजल : मलाबी शेवाळच वाटलं. दुकानदार म्हणाला हुता, हवा लागली की तांबडं हुतंय, थोडा दम धरा. पर दम कुणाला निघतोय? झोपच आली न्हाई.

धोंडुबाई : आन् सकाळी उठून बगतीया तर काय सांगू बाबा. सारा माळ दारात आल्याला. तांबडा. कुठं दाट, कुठं फिका, पावसाआदीच्या ढगावानी.

प्रांजल : पेंट वर बसतो म्हणून सुटतो. ह्यो सिमिटाच्या आत मुरलाय, सुटायला वर काय हायच न्हाई. नंतर पाणी आत जिरू नये म्हणून वरनं एक औषध मारलं, बिनचकाकीचं. भिंतीवर चार शिंतोडे उडाले तेवढे बगू नका, ते जन्मात जायचे न्हाईत. आन् ऐका, अजून खरी बातमी राहिलीच. परवा मला साताऱ्याला जायचंय. तिथले एक रिटायर सुभेदार हितं त्यांच्या पाहुण्यांकडं आले हुते, आपलं अंगण बगून खुळावले. त्यांचं अंगण करायचंय, मी. बाहेरचं पहिलं काम.

विश्वजित : एकटी?

प्रांजल : एकटी जाणार हुते. आता तुमी आलाय. झारी धराल?

विश्वजित : धरीन. थांब, आधी त्या टाइल्सवाल्याला फोन लावतो. ... हॅलो, व्हय, म्हसवडकडची ऑर्डर. गाडी भरू नका. न्हाई न्हाई, माल चांगलाच हाय तुमचा. घरच्यांनी आधीच करून ठेवलंय. व्हय, लय भारी केलंय. ... झालं. पर आये, एक सांग. मी दर आठवड्याला फोन करत हुतो. एकदा तरी बोलायचंस, की ह्यो कोबा डोळ्याला झोंबतोय.

धोंडुबाई : बोलनार हुते रं. पर फोनात तुज्या मागं तुजी सोबतची पोरं बोलत हुती. त्यास्नी सांगत हुतास, माज्या आयेला म्या अंगन बांदून दिलंय म्हनून. मग म्या गप बसले.