जुन्या जीपचा धूर

गाडीचा धूर कमी करायचा असला तर गुपचूप करा, मोजून घ्यायला जाऊ नका. मी गेलतो. आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये पोरं तळणीच्या वापरलेल्या तेलाचं बायोडिझेल करतात. ते डिझेलमध्ये मिसळून मी माझ्या जुन्या जीपमध्ये घातलं आणि कागल रोडच्या पीयूसी सेंटरला गेलो.

तिथला माणूस म्हणाला, "सर, गाडी कशाला आणली? नंबरप्लेटचा फोटो धाडायचा की."

"मला खरंच धूर मोजायचाय."

"का? काय भानगड झाली हाय का?"

शेवटी त्यानं मशीनवरची धूळ पुसून नळी सायलेन्सरमध्ये घातली. मी अ‍ॅक्सिलरेटर दाबला. आकडा इतका कमी आला, की कधी एकदा पोरांना सांगतो असं मला झालं.

त्यानं मात्र तो आकडा पुसला, नेहमीचा मोठा आकडा टाकला आणि सर्टिफिकेट माझ्या हातात दिलं.

"अहो, खरा आकडा का बदलला?"

"सर, असल्या जुन्या जीपला एवढा कमी धूर दाखवला, तर आरटीओचे साहेब म्हणणार, ह्यानं न मोजताच सर्टिफिकेट दिलंय."