एकाहत्तर, पण वाटत नाही

...आणि वर मलाच विचारतात, "आजोबा, तुम्ही प्रोग्रॅमर?" अहो, तुम्हाला सांगतो, आमच्या अख्ख्या गल्लीत माझ्या तोडीचा प्रोग्रॅमर नाही! आता गल्लीत घरं पाच, त्यातली दोन कुलूपबंद आणि एकात दातांचा डॉक्टर, ही गोष्ट वेगळी. शिक्षण म्हणाल तर नववी... तीसुद्धा दोनदा. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या, पुढे दुकानंच पडद्यावर गेली, तेव्हा मीही डबा-ब्रश टाकून त्यांच्या मागे गेलो. जाणार कुठे?

तर ही वेबसाइटवाली जमात! एक बटण निळं करायचं असलं तरी स्वतः करणार नाहीत. कुणीतरी फुकट ठेवलेलं पॅकेज, म्हणजे आयता लिहिलेला प्रोग्रॅम, उचलणार, त्या पॅकेजला लागतात आणखी चाळीस, त्या चाळिसांना चारशे, न बोलावलेले पाहुणे उतरावेत तसे सगळे येऊन हातपाय पसरतात, आणि बटण? बटण हिरवंच! मी एकाला विचारलं, "बाबा रे, यातलं तू वाचलंस किती?" तर मान वर न करता म्हणतो, "काका, वाचतं कोण?"

वाचतं कोण! आता ऐका.

माझंही एक पॅकेज आहे. आकडा द्या, अक्षरात लिहून मिळेल. इतकंच. हसू नका! इतरांनी केलेली बघा एकदा, ७९ला 'सत्तर नऊ' लिहितात! अरे, एकोणऐंशी म्हणायला जीभ झिजते का तुझी? आपल्या आकड्यांना नियम लावून चालत नाही, एकेकाला नावानिशी हाक मारावी लागते. म्हणून मी शंभरच्या शंभर हाताने लिहिले, पाटी रंगवावी तसे, आणि ठेवले जगासाठी फुकट. पाच वर्षांत एक माणूस 'छान' म्हणाला नाही... एकजण म्हणाली, पण ती आमची मुलगी.

मग गेल्या महिन्यात मला एकाहत्तर पुरी झाली आणि अंगात आली खोडी. ७१ आला की पॅकेज छापणार, 'एकाहत्तर, पण वाटत नाही'. बस्स! आणि चोरून नाही हं, माहितीच्या पानावर पहिल्याच ओळीत, ठळक अक्षरात लिहिलं: 'यात एक गंमत आहे. नको असेल तर अमुक ओळ पुसा.' पण वाचतं कोण!

आठवड्यात तक्रारींची रीघ लागली. कुठल्याशा शाळेच्या निकालावर छापून आलं, 'गणित: एकाहत्तर, पण वाटत नाही.' त्या मुलीची आई लिहिते, "वाटत नाही म्हणजे काय? कॉपी केली असं म्हणायचंय का तुम्हाला?" एक वजन उतरवून देणाऱ्या बाई कळवतात, "माझ्याकडच्या पन्नास बायकांत एकच खूश आहे, एकाहत्तर किलोची." आणि एक प्रोग्रॅमर तर हुकूमच सोडतो, "ताबडतोब दुरुस्त करा, आमचं काम अडलंय!" ताबडतोब! फुकट नेलंस ते नेलंस, वर माझा साहेब झालास? मी उत्तर टाकलं, "पहिली ओळ वाचा." तर विचारतो, "कुठली पहिली?"

पोट धरधरून हसलो, तुम्हाला सांगतो. आणि त्याच आठवड्यात, शुक्रवारी, माझ्या स्कूटरचा परवाना संपत होता.

परवाना म्हणजे साधी गोष्ट नाही! जावईबापूंचा डोळा आहे त्या स्कूटरवर. दर भेटीत सीटवरून हळूच हात फिरवतात, "बाबा, या वयात कशाला दगदग?" आणि आमच्या हिने जाहीरच करून टाकलंय, "परवाना गेला की किल्ली त्यांच्याकडे. मग बसा गॅलरीत, येणारी-जाणारी माणसं मोजत."

मंगळवारी परवाना कचेरी गाठली. खिडकीत एक बाई, चष्मा नाकाच्या टोकावर. माहिती सांगितली, अर्ज छापून बाहेर आला, फुली होती तिथे सही ठोकली. बाईंनी अर्ज पाहिला, मला पाहिलं, पुन्हा अर्ज पाहिला.

"वय अक्षरी, एकाहत्तर, पण वाटत नाही. आजोबा, हे कुणी ठरवलं?"

पायाखालची फरशी सरकली! इथेही माझंच उचललेलं! पण मी काय कमी? डोळे वटारून म्हटलं, "कुठल्या गाढवाचा प्रोग्रॅम आहे हा?"

"कुणा टवाळाचं फुकटचं पॅकेज आहे म्हणे. सकाळपासून तुम्ही तिसरे. खाडाखोड चालत नाही, अर्ज रद्द."

घरी धावलो, गंमत पुसली, नवं व्हर्जन चढवलं, दोन मिनिटांचं काम. बुधवारी छाती काढून त्याच खिडकीत हजर. अर्ज आला, सही ठोकली, ऐटीत आत सरकवला.

बाई म्हणाल्या, "वाटत नाही."

"काय वाटत नाही?"

"तेच, आजोबा. अजूनही वाटत नाही."

तेवढ्यात त्यांचे इंजिनिअर आले, हातात चहाचा कप. "नवं आलंय खरं, पण आम्ही जुनंच खिळे ठोकून बसवलंय. एक बदललं की दुसरंच काहीतरी मोडतं."

"अहो, पण नव्यात काय बदललंय ते पानावर लिहिलंय!"

"काका, वाचतं कोण? पुढच्या महिन्यात बघू."

आणि बाई, थंडपणे, "नाहीतर बहात्तरचे होऊन या. बहात्तर बरोबर छापतो."

शुक्रवार दोन दिवसांवर! डोळ्यांपुढे जावईबापू उभे, स्कूटरवर, माझंच हेल्मेट घालून! माझा तोल सुटला. भर रांगेत ओरडलो, "अहो, मीच तो टवाळ! मी लिहिलंय ते! पहिल्या ओळीत, ठळक अक्षरात सांगितलं होतं, यात एक गंमत आहे म्हणून! फुकट उचलायचं, न वाचता लावायचं, आणि भोगायचं कुणी, मी? चार शब्द वाचायला काय धाड भरते तुम्हा लोकांना?"

इंजिनिअरचा कप ओठांशीच राहिला. बाईंनी माझे दोन्ही अर्ज, कालचा आणि आजचा, शेजारी शेजारी मांडले, फिरवून माझ्याकडे केले, आणि सहीच्या वर छापलेल्या ओळीवर पेनाचं टोक टेकवलं. 'वरील सर्व मजकूर मी स्वतः वाचला असून तो खरा आहे.' मग चष्मा काढला आणि म्हणाल्या,

"आजोबा, या दोन्ही सह्या तुमच्याच ना?"