आठ पोर्टांचा स्विच

नाही हो भाऊ, सोळा पोर्टांचा नकोच, शेठ आठाच्या वर जायचे नाहीत — मघाशी तुमच्यासमोरच लावला ना फोन, म्हणाले, सुगंधाबेन, यादी तुम्हीच दिलीत, आता आठमध्येच बसवा. वायफाय? इथे? अहो, भाईंदरच्या स्टीलच्या गाळ्यात वायफाय कसलं मागताय — चारी बाजूंनी पातेली रचलेली, साधा फोन घ्यायला मी शटरबाहेर जाते. वायर असेल तर कॉम्प्युटर चालणार, आणि कॉम्प्युटर असेल तर माणूस राहणार, असं शेठनीच सांगून टाकलंय.

ऑर्डरी निम्म्यावर आल्यात ना. त्यात सगळे कॉम्प्युटर जोडलेला जुना स्विच जळला, शेठना आयतं निमित्त मिळालं — म्हणाले, छोटाच घेऊ, कुणाकुणाला वायर द्यायची ते लिहून द्या. मलाच का? एकवीस वर्षं आहे ना मी इथे, म्हणून. लिहिलं मी. शेठ, त्यांचा मुलगा, मिनल, जितेंद्र, आनंदी, प्रिंटर, हजेरीचं मशीन — हो, माणसं कमी झाली तरी हजेरी पाहिजेच — आणि मी. झाले आठ. वैजयंताचं नाव नाही घातलं. बिलिंगला हात जरा जड आहे तिचा… जड कसला, मीच शिकवलंय तिला, माझ्याहून भरभर करते. म्हणूनच नाही घातलं. सोमवारपासून घरी आहे ती. परवा गोडदेवला भेटली रस्त्यात, ताई घरी चला म्हणाली, चहा घेऊन जा म्हणाली. तिला माहीतच नाही नाव कुणी गाळलं ते. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

आणि आता तुम्ही म्हणताय, आठातला एक पोर्ट बाहेरून येणाऱ्या इंटरनेटच्या वायरीलाच जातो, उरतात सात. मला काय माहीत? मी काय तुमच्या लाइनमधली आहे? तरी बरं, यादीप्रमाणे लावतो म्हणता — यादीत शेवटचं नाव माझंच की. आपलं नाव आपण शेवटीच लिहितो ना हो, पहिलं कोण लिहितं? चांगलं दिसतं का ते? मिस्टर दोन वर्षं घरी बसून आहेत, आणि बावन्नाव्या वर्षी मला कोण घेणार — कुणी नाही, विचारून झालंय माझं.

आनंदी जेवायला गेलीय. गुणाची पोर आहे, आजच माझ्यासाठी डब्यात सोलकढी आणली होती. चोविशीची आहे, तिला मिळेल कुठेतरी… नाही मिळणार, कशाला खोटं बोलू, याच रांगेतले चार गाळे बंद झालेत यंदा. असं बघू नका माझ्याकडे. तुम्हाला काय, वायरी खुपसल्या की मोकळे.

तिचं नाव खोडलंय मी, हे बघा. तिची वायर काढा, माझी लावा — आणि ती जेवून यायच्या आत निघा तुम्ही.