बदल झाला तरच

(खाणीच्या तोंडाशी असलेली कंट्रोल रूम. दीर पडद्यासमोर बसलेला, वहिनी दारात.)

वहिनी: असं कसं जमत नाही, भाऊजी? एकदा आवाज ऐकवा त्यांचा. एवढंच तर म्हणतेय.

दीर: वहिनी, आधी आत या, बसा. बोगद्याचं छत कोसळलं तेव्हाच फोनची केबल तुटली. आता जे काय वर येतंय ते दगडातून, रेडिओवर. तेही कसंबसं. आवाज त्यात मावत नाही.

वहिनी: मग मावतं काय?

दीर: एखाद-दुसरं अक्षर. प्रत्येकाच्या मनगटावर पट्टा आहे. तो नाडी बघतो आणि वर कळवतो.

वहिनी: यांच्या पट्ट्यानं काय कळवलं?

दीर: सकाळी कळवलं. नाडी चालू आहे.

वहिनी: आणि त्यानंतर?

दीर: काही नाही. म्हणजे ठीकच आहे. बदल झाला तरच पट्टा कळवतो. सगळे सारखे ‘आहे, आहे’ करत बसले तर लाइन तुंबते. मीच केली ही सोय. केवढी पाठ थोपटून घेतली होती तेव्हा!

वहिनी: आणि पट्टाच दगडाखाली चिरडला असेल तर?

दीर: तरीही काही येणार नाही. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, वहिनी.

वहिनी: अहो, घरात एक मिनिट तोंड मिटत नाही तुमच्या दादांचं. आणि त्यांच्या गप्प बसण्यावर तुम्ही भरवसा ठेवलात?

दीर: एकेकाच्या पट्ट्याला विचारता येईल, ‘आहेस का’ म्हणून. पण त्यांना काढायला वरून भोक पाडतंय त्या ड्रिलला दिशा याच लाइनवरून मिळते. विचारेपर्यंत ते थांबवावं लागेल, आणि खाली हवा कमी होत चाललीय. एकच फेरी जमेल.

वहिनी: मग यांना आधी... नको. बाहेर सगळ्यांचाच जीव टांगणीला लागलाय. ओळीनं विचारा. हे मुकादम आहेत, यांना शेवटी.

दीर: हॅलो, ड्रिल थांबवा. हो, मी सांगतोय... पहिला. आहे. पुढचा... आहे. हा आपला टकल्या. आहे!

वहिनी: त्याची बायको भिंतीला टेकून बसलीय बाहेर. पाणीसुद्धा घेत नाही.

दीर: हाही आहे. हाही. वहिनी, सगळे आहेत! आता दादा. विचारलं.

वहिनी: आलं?

दीर: थांबा जरा.

वहिनी: भाऊजी?

दीर: नाही आलं. पुन्हा विचारतो.

वहिनी: आणि ड्रिल?

दीर: थांबू दे! सख्खा भाऊ आहे माझा खाली!

वहिनी: माझा नवरा आहे. काढा तो बटणावरचा हात. ड्रिल सुरू करायला सांगा.

दीर: वहिनी, अहो...

वहिनी: सांगा म्हणते ना. मी बाहेर जाते. बाहेरच्यांची माणसं आहेत, हे त्यांना कळायला हवं.

दीर: आणि दादाचं कुणी विचारलं तर?

वहिनी: सांगेन, उत्तर यायचंय.