कंबरेचा दाखला

जर्मनीत, बॉनच्या दवाखान्यात समोर बसलेल्या जोडप्याची मराठी ऐकू आली, तशी कुमुदिनीबाईंनी मासिकात डोकं घातलं आणि कान टवकारले.

“जिमची फी टॅक्समधून वजा होते म्हणे. फक्त डॉक्टरांनी पाठदुखीवर उपाय म्हणून लिहून द्यायला हवं.”

“अहो, पण तुमची पाठ जिमला गेल्यावरच धरली.”

“ते कशाला सांगायचं? पोहण्याचंही लिहून घेऊ.”

“मग माझ्या चालायच्या बुटांचं?”

“गेनाऊ, अगदी बरोबर! आता कसं डोकं चालायला लागलं तुझं.”

“दुखतंय कुठे, विचारलं तर?”

“कंबरेत. वाकता येत नाही, बसलं की उठवत नाही.”

दार उघडून नर्सने आत बोलावलं, “हेर आपटे, बिट्टे.”

आपटे टुणकन उठले, खाली पडलेली फाइल वाकून उचलली आणि तरातरा निघाले.

“अहो, जरा कण्हा तरी.”